सूर्यस्पर्शी धूमकेतू : कूळ ठाऊक, तारीख नाही

सूर्याच्या अगदी जवळून वळसा घालून जाणाऱ्या धूमकेतूंना सूर्यस्पर्शी धूमकेतू म्हणतात. सूर्याची त्रिज्या सुमारे ७ लाख किलोमीटर आहे. १८४३ सालचा महाधूमकेतू सूर्याच्या पृष्ठभागापासून साधारण १ लाख ३० हजार किलोमीटरवरून गेला, म्हणजे पृथ्वी आणि चंद्र यांच्यामधल्या अंतराच्या एक-तृतीयांशावरून. त्या वेळी त्याचा वेग सेकंदाला सुमारे ५६० किलोमीटर होता. या वेगाने सुरत ते मुंबई हे अंतर अर्ध्या सेकंदात कापले जाते. धूमकेतूचा गाभा बर्फाचा आणि धुळीचा असतो. सूर्याच्या इतक्या जवळ बर्फ तर उडून जातोच, पण दगडी धुळीची आणि तिच्यातल्या लोखंडाचीही वाफ होते. म्हणून यांतले मोठे धूमकेतू भर दिवसा सूर्याच्या शेजारी दिसण्याइतके झळाळतात, आणि लहान धूमकेतू सूर्यापाशी पोचण्याआधीच संपतात.

त्यांच्याविषयी दोन प्रश्न आहेत. ते आले कुठून, हा पहिला. पुढचा केव्हा येईल, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर विज्ञानाने बरेचसे शोधले आहे. दुसऱ्याबाबत मतभेद आहेत. हे मतभेद इथे लिंबायतमधल्या एका मामा-भाचीच्या तोंडी घातले आहेत. सुरतेच्या या भागात धुळे, नंदुरबार आणि जळगावकडून लूमच्या आणि कापड मार्केटच्या कामासाठी आलेली मराठी कुटुंबे दोन-तीन पिढ्या राहतात. मामा महापालिकेच्या मराठी शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक, पंचांग बारकाईने वाचणारे. भाची भौतिकशास्त्राची विद्यार्थिनी. मामांचे मत असे की धूमकेतू हा पाहुणा आहे, त्याच्या येण्याचा नेम धरता येत नाही. भाचीचे मत असे की ज्याचे कूळ कळले त्याचे येणेही कळलेच पाहिजे.

मामा सुरुवात वराहमिहिरापासून करतात. "सहाव्या शतकात त्यानं बृहत्संहितेत केतूंवर अख्खा अध्याय लिहिला. तो आधीच सांगून टाकतो की केतूचं दिसणं आणि मावळणं गणितानं कळत नाही. ग्रहणाचा स्पर्श आणि मोक्ष पंचांगात मिनिटापर्यंत छापलेला असतो. धूमकेतू पंचांगात का नाही? ज्याचं गणित बसत नाही, ते पंचांगवाला छापत नाही."

"पण मामा, त्याच अध्यायात तो आणखी एक सांगतो. काही जण म्हणतात केतू एकशे एक आहेत, काही म्हणतात हजार. आणि नारदाचं म्हणणं की केतू एकच आहे, तोच नाना रूपांनी दिसतो. त्या काळात हा वाद होता, हे तरी मानाल?"

"मानतो की. मला नारदाचंच पटतं. एकच, फिरून फिरून येणारा."

प्राचीन भारतीय ज्योतिषात धूमकेतूंची वर्गवारी होती, हे खरे आहे. वराहमिहिराने पंचवीस केतूंना सूर्याचे पुत्र म्हटले आहे आणि ते पूर्वेला व पश्चिमेला दिसतात असे लिहिले आहे. सूर्यस्पर्शी धूमकेतू पहाटे पूर्वेकडे किंवा संध्याकाळी पश्चिमेकडे दिसतात, पण एवढ्या साम्यावरून हे धूमकेतू त्या काळी वेगळे ओळखले होते असे म्हणता येणार नाही. सूर्याजवळचा कोणताही धूमकेतू त्याच दोन दिशांना दिसतो. हा सारा वारसा मराठी वाचकापुढे शिस्तीने मांडण्याचे श्रेय शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचे. त्यांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ १८९६ साली प्रसिद्ध झाला. खानदेशी माणसाला जवळची वाटावी अशी गोष्ट म्हणजे दीक्षितांनी काही काळ धुळ्यात शिक्षकी केली होती.

एक की अनेक, हा वाद एकोणिसाव्या शतकात युरोपात नव्याने उभा राहिला, आणि तोही नेमका सूर्यस्पर्शी धूमकेतूंवरून. १८४३ चा महाधूमकेतू फेब्रुवारीच्या अखेरीस सूर्याजवळून गेला. त्याची शेपटी ३० कोटी किलोमीटरहून लांब होती. मार्चमध्ये ती संध्याकाळच्या आकाशात साऱ्या जगाने पाहिली. त्रिवेंद्रमच्या वेधशाळेत जॉन काल्डेकॉट यांनी त्याचे वेध घेतले. १८८० च्या सुरुवातीला दक्षिण गोलार्धात आणखी एक धूमकेतू दिसला आणि त्याची कक्षा १८४३ च्या कक्षेशी जवळजवळ तंतोतंत जुळली. हा तोच धूमकेतू, सदतीस वर्षांनी परतलेला, असे अनेकांनी मानले. पुढे सप्टेंबर १८८२ मध्ये त्याहूनही तेजस्वी धूमकेतू तशाच वाटेने आला. तेव्हा काहींनी तर्क केला की सूर्याभोवतीच्या विरळ वायूत घासून याचा वेग घटतो आहे. फेरा सदतीस वर्षांचा होता तो अडीच वर्षांवर आला, आता लवकरच हा सूर्यात कोसळणार. पृथ्वीचे काय होईल याची धास्ती वर्तमानपत्रांतून पसरली.

"बघा, नारदाचा पक्ष तिथंही निघाला," मामा म्हणतात.

"आणि तिथंच हरला," भाचीचे उत्तर. "१८८२ च्या धूमकेतूचा गाभा सूर्याजवळून गेल्यावर फुटला. दुर्बिणीतून तुकडे एका रेषेत मण्यांसारखे दिसत होते. कील वेधशाळेच्या हाइनरिख क्रॉइट्झनं एकेका तुकड्याची कक्षा मोजली. परत यायला त्यांना सुमारे ६७० ते ९५० वर्षं लागणार होती. ज्याचा फेरा सातशे वर्षांचा, तो अडीच वर्षांपूर्वी कसा येऊन गेला असेल?"

क्रॉइट्झ यांचे हे काम १८८८ ते १९०१ या काळात प्रसिद्ध झाले. निष्कर्ष असा होता की १८४३, १८८० आणि १८८२ चे धूमकेतू वेगवेगळे आहेत, पण एकाच मूळ धूमकेतूचे तुकडे आहेत. अमेरिकेतल्या डॅनियल कर्कवुड यांनी आधीच तशी कल्पना मांडली होती. आकडेवारीचा आधार क्रॉइट्झ यांनी दिला. म्हणून या कुळाला क्रॉइट्झ कूळ म्हणतात. नारदाच्या आणि हजार केतूंच्या पक्षांत, या एका कुळापुरते, दोघांचेही थोडे खरे ठरले: मूळ एक, तुकडे हजारो.

फुटण्याची क्रिया समजून घेतली तर पुढचे सारे उलगडते. सूर्याच्या इतक्या जवळ गाभ्याची सूर्याकडची बाजू मागच्या बाजूपेक्षा जास्त जोराने ओढली जाते. गाभा मुळात ठिसूळ, त्यात तापमान भयंकर, तो फाटतो. फाटताना तुकडे एकमेकांपासून हलकेच सुटतात. वेगातला फरक नगण्य, पण सूर्याभोवतीच्या त्या वळणावर सेकंदाला चार-पाचशे किलोमीटरचा वेग असताना एवढासा फरकही परतीच्या काळात दशकांचा, कधी शतकाचा फरक पाडतो. कक्षेची दिशा आणि कल मात्र जवळपास तोच राहतो. सुरतेच्या बाजारात एकाच ताक्यातून फाडलेले तुकडे वेगवेगळ्या गठ्ठ्यांत गेले तरी विणीवरून आणि किनारीवरून ओळखू येतात, तसे हे धूमकेतू वेगवेगळ्या शतकांत आले तरी कक्षेवरून एका घरचे ठरतात.

विसाव्या शतकात ही फूट प्रत्यक्ष पाहायला मिळाली. १८ सप्टेंबर १९६५ रोजी काओरू इकेया आणि त्सुतोमू सेकी या दोन जपानी हौशी निरीक्षकांनी एकमेकांना न कळवता एकाच पहाटे एक धूमकेतू शोधला. २१ ऑक्टोबरला भारतीय वेळेनुसार सकाळी दहाच्या सुमारास तो सूर्यापासून सर्वांत जवळ, पृष्ठभागापासून साडेचार लाख किलोमीटरच्या आसपास होता. तेव्हा सुरतेत सूर्य चांगला वर आलेला, दिवाळी तीन दिवसांवर. जिथे आकाश निवळ होते तिथे लोकांनी हाताने किंवा भिंतीच्या कडेने सूर्य झाकून त्याच्या बाजूला शेपटीसकट हा धूमकेतू नुसत्या डोळ्यांनी पाहिला. गाभ्याचे तीन तुकडे झाल्याचे जपानमधल्या निरीक्षकांनी टिपले. त्याच्या प्रकाशाच्या पट्ट्यात लोखंड आणि निकेलच्या रेषा सापडल्या. मग कार्तिक लागला, आणि काकड आरतीच्या वेळी आग्नेय आकाशात त्याची लांबलचक शेपटी क्षितिजातून वर उभी राहू लागली.

"आता कूळ किती मागं जातं ते सांगते," भाची म्हणते. "ब्रायन मार्सडेननी १९६७ मध्ये इकेया-सेकी आणि १८८२ चा धूमकेतू, दोघांच्या कक्षा उलट दिशेनं मोजत नेल्या. दोन्ही बाराव्या शतकाच्या सुरुवातीला एकत्र येतात. ११०६ च्या फेब्रुवारीत युरोपात सूर्याशेजारी दिवसा तारा दिसल्याची नोंद आहे, चीन-जपानमध्येही नंतर लांब शेपटी पाहिली गेली."

"११०६ म्हणजे कल्याणीच्या विक्रमादित्य चालुक्याचा काळ. आपल्याकडं कुणी पाहिला नसेल?"

"पाहिलाच असेल, मामा. पण अजून तरी कुणी शिलालेख पुढे ठेवलेला नाही, मग त्यावर काय बोलायचं? आणि इथंच एक मतभेदही आहे. झ्देनेक सेकानिना यांनी नव्यानं हिशेब मांडला. त्यांच्या मते ११०६ चा धूमकेतू १८४३ वाल्याचा पूर्वज, आणि १८८२ व इकेया-सेकी यांचा पूर्वज ११३८ मध्ये चीनमध्ये दिसलेला दुसरा. दोघांच्याही मागं आणखी एक. इसवी सनापूर्वी ३७२ च्या हिवाळ्यात ग्रीसमध्ये दिसलेला मोठा धूमकेतू. ॲरिस्टॉटल तेव्हा लहान होता, पुढं त्यानं त्याच्याबद्दल लिहिलं."

"म्हणजे अजून भांडण मिटलेलं नाही."

"कुळाबद्दल मिटलंय. वंशावळीत कोण कुणाचा मुलगा, एवढंच राहिलंय."

भाचीचे हे म्हणणे रास्त आहे. एक मूळ धूमकेतू होता याबद्दल आज अभ्यासकांत वाद नाही. सेकानिना यांच्या मांडणीत तो मुळातच एकमेकांना चिकटलेल्या दोन गोळ्यांचा होता आणि सूर्यापासून फार दूर असतानाच त्याचे दोन भाग झाले. त्यावरून कुळाच्या दोन मुख्य शाखा पडल्या.

पण तो मूळ धूमकेतू आला कुठून? क्रॉइट्झ कुळाच्या मोठ्या सदस्यांचा फेरा साधारण सात-आठ शतकांचा असतो, म्हणजे ते पृथ्वी-सूर्य अंतराच्या दीडशे-पावणेदोनशे पट दूर जाऊन परततात. नेपच्यून ३० पटींवर आहे. धूमकेतूंचे मोठे भांडार, जे १९५० साली यान ऊर्ट यांनी कल्पिले, ते याच्याही कितीतरी पलीकडे, हजारो पट अंतरावर पसरले आहे. तिथून निघालेला धूमकेतू एकाच फेरीत थेट सूर्यापाशी येऊ शकतो. २०१३ चा आयसॉन तसाच आला. दुसरा मार्ग संथ आहे. तीव्र कलाच्या कक्षेतल्या धूमकेतूवर गुरू आणि इतर ग्रहांची ओढ हजारो वर्षे पडत राहते, आणि त्याची कक्षा दर फेऱ्यात जराशी लांबट होत सूर्याकडे सरकते. १९९२ मध्ये मार्क बेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की हा प्रकार दुर्मिळ नाही. क्रॉइट्झ कुळाचा मूळपुरुष असाच हळूहळू सूर्यस्पर्शी बनला असावा, हे स्पष्टीकरण जास्त पटणारे आहे, कारण एवढा मोठा गोळा टिकून मग टप्प्याटप्प्याने फुटायला वेळ लागतो.

सगळेच सूर्यस्पर्शी क्रॉइट्झ कुळातले नसतात. डिसेंबर १६८० मध्ये सूर्याला वळसा घालून गेलेला, ज्याच्या आधारे न्यूटन यांनी धूमकेतूची कक्षा आखली, तो महाधूमकेतू वेगळ्या वाटेचा होता. आयसॉनही वेगळा.

आयसॉनचे नाव निघताच मामा सावरून बसतात. "ते वर्ष मला आठवतं. वर्षभर आधीपासून पेपरात, शतकातला धूमकेतू येणार. शाळेत मुलांना मी स्वतः सांगितलं. २८ नोव्हेंबरला सूर्याजवळ गेला आणि विरघळला. मुलं विचारायची, सर, कुठं गेला? कूळ, कक्षा, सगळं ठाऊक होतं ना? मग?"

"कक्षा बरोबरच निघाली. ज्या मिनिटाला जिथं असायला हवा होता तिथंच होता. गाभा किती घट्ट आहे हे कक्षेतून कळत नाही."

"मग मी तेच म्हणतोय. येणार हे कळलं, दिसणार हे नाही कळलं. पंचांगाला दिसणंच हवं असतं."

हा मुद्दा मामांचा आहे आणि तो वजनदार आहे. २०२४ च्या शरदात त्याचा पुन्हा प्रत्यय आला. ऑक्टोबरच्या मध्यावर, कोजागिरीच्या आसपास, त्सुचिन्शान-ॲटलस नावाचा धूमकेतू महाराष्ट्र-गुजरातमधून पश्चिमेला सूर्यास्तानंतर दिसला. तो सूर्यस्पर्शी नव्हता, सूर्यापासून बऱ्याच अंतरावरून गेला आणि टिकला. त्याच सुमारास अस्सल क्रॉइट्झ कुळातला दुसरा ॲटलस सूर्याकडे निघाला होता. हवाईच्या दुर्बिणीने तो २७ सप्टेंबरला शोधला होता. २८ ऑक्टोबरला, वसुबारसेच्या दिवशी, सूर्यापाशी पोचण्याआधीच त्याचा चुरा झाला.

तो प्रसंग सर्वांना पाहता आला, कारण सोहो हे यान १९९५ पासून सूर्यावर डोळा ठेवून आहे. भाची मोबाइलवर त्याची चित्रे मामांपुढे धरते. निळे चित्र. मधोमध सूर्य झाकणारी गोल तबकडी, तिच्यावर सूर्याचा खरा आकार दाखवणारे पांढरे वर्तुळ. खालच्या बाजूने एक ठिपका येतो, त्याची शेपटी सूर्यापासून दूर वळलेली, आणि चित्रामागून चित्र सरकत तो तबकडीकडे जातो. "आणि हा लव्हजॉय, २०११ मधला. गाभ्याच्या दोन्ही बाजूंना ही आडवी रेघ दिसते ना, ती धूमकेतूची नाही. कॅमेऱ्याला एवढा उजेड झेपला नाही, म्हणून तो आडवा सांडला." लव्हजॉय १६ डिसेंबर २०११ रोजी सूर्याच्या पृष्ठभागापासून १ लाख ४० हजार किलोमीटरवरून गेला. तो नष्ट होईल असा बहुतेकांचा अंदाज होता. तो तबकडीच्या दुसऱ्या बाजूने बाहेर आला. काही दिवसांतच गाभा विखुरला, तरी दक्षिण गोलार्धात त्याची शेपटी पहाटेच्या आकाशात झगमगत राहिली.

सोहोच्या चित्रांत मार्च २०२४ पर्यंत ५००० धूमकेतू सापडले, त्यांतले बहुतेक हौशी लोकांनी घरबसल्या शोधले. दहांतले आठाहून जास्त क्रॉइट्झ कुळातले आहेत. सरासरी काढली तर दोन-तीन दिवसांत एक असा तुकडा सूर्यापाशी संपतो. हे तुकडे बहुधा काही मीटर ते काही दहा मीटरचे. भारताच्या आदित्य-एल१ यानावरही सूर्य झाकून प्रभामंडळ पाहणारी दुर्बीण आहे. 

इथून वाद खऱ्या टोकाला येतो. भाची म्हणते, "तुकड्यांचा हा ओघ थांबलेला नाही. आणि मोठे धूमकेतू झुंडीनं येतात. १८४३ ते १८८७ मध्ये चार-पाच. मग १९४५ ते १९७० मध्ये पुन्हा: दू तोआ, परेरा, इकेया-सेकी, व्हाइट-ऑर्टिझ-बोलेली. सेकानिना आणि पॉल चोडास यांनी २००७ मध्येच म्हटलं होतं की येत्या काही दशकांत आणखी एक झुंड येणार. चार वर्षांत लव्हजॉय आला."

"म्हणजे कोणत्या साली?"

"साल सांगता येत नाही."

"महिना?"

"नाही."

"मग हे गणित नाही, बाई. ही आशा आहे."

"मामा, निराधार आशा आणि कारण असलेली अपेक्षा यात फरक आहे. एका पूर्वजाचे तुकडे सुटले ते जवळजवळ एकाच वेळी, म्हणून परततानाही ते मागेपुढे पण जवळ जवळ येतात. यामागं यंत्रणा आहे."

"यंत्रणा मान्य. पण दोनशे वर्षांत दिसलेले मोठे धूमकेतू मोजून आठ-नऊ. १८८७ नंतर ५८ वर्षं काही नाही, १९७० नंतर ४१ वर्षं काही नाही. एवढ्यावर नेम बसवायचा? आणि जे दिसले नाहीत ते?"

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण त्यामुळे मोजणीच अपुरी राहते. क्रॉइट्झ कुळाचे धूमकेतू आकाशाच्या एकाच बाजूने येतात, साधारण व्याध ताऱ्याच्या दिशेने. व्याध हा आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा. पांडेसऱ्याच्या मिलांचा धूर आणि रस्त्यांवरचे एलईडी दिवे असतानाही लिंबायतच्या गच्चीवरून तो हिवाळ्यात सहज सापडतो. जुलैच्या सुरुवातीला सूर्य त्याच दिशेला असतो. म्हणून साधारण मध्य मे ते मध्य ऑगस्ट या काळात आलेला धूमकेतू सूर्याच्या मागून येतो आणि मागेच जातो. तो कितीही मोठा असला तरी पृथ्वीवरून दिसत नाही. सुरतेत तर त्यातला बराच काळ पावसाळाच असतो. यानांच्या आधीच्या शतकांत असे किती निसटले, याची मोजदाद कधीच होणार नाही. १७ मे १८८२ रोजी इजिप्तमध्ये खग्रास सूर्यग्रहणात सूर्याच्या शेजारी एक धूमकेतू छायाचित्रात आला. ग्रहण नसते तर तो कुणालाच कळला नसता.

त्यामुळे झुंडींच्या अंदाजाबाबत मामांची सावध भूमिकाच आज ग्राह्य धरावी लागते. यंत्रणा ठाऊक आहे, पण ती वापरून साल काढण्याइतकी उदाहरणे हातात नाहीत. उलट, धूमकेतू एकदा सापडला की त्याचा दिवस, तास आणि वाट पक्की सांगता येते. तेथे वराहमिहिराच्या काळचे अगतिकपण उरलेले नाही.

"म्हणजे पंचांगात नाही, पण चार-पाच आठवडे आधी पेपरात," मामा म्हणतात.

"तेवढेही कधीकधी मिळत नाहीत. इकेया-सेकीची सूचना ३३ दिवस आधी मिळाली, लव्हजॉयची १९ दिवस, २०२४ च्या ॲटलसची महिनाभर. आता चिलीमधली व्हेरा रुबिन वेधशाळा सुरू झाली आहे. तिच्या दुर्बिणीतून हे धूमकेतू खूप दूर असतानाच सापडू शकतील. मग मुदत वाढेल."

"आणि सापडला तर लिंबायतमधून कुठं पाहायचा?"

ते महिन्यावर ठरते. सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये सूर्याला वळसा घालून गेलेला क्रॉइट्झ धूमकेतू पहाटे आग्नेयेला दिसतो, म्हणजे डिंडोली-गोडादऱ्याकडे. सूर्योदयाच्या तास-दीड तास आधी, रात्रपाळी सुटण्यापूर्वी. फेब्रुवारी-मार्चमधला संध्याकाळी नैर्ऋत्येला, उधना-पांडेसऱ्याच्या बाजूला, सूर्यास्तानंतर. डिसेंबर-जानेवारीतला धूमकेतू फार दक्षिणेकडून जातो आणि २१ अंश उत्तर अक्षांशावरच्या सुरतेतून त्याची नुसती शेपटीच क्षितिजावर येण्याची शक्यता जास्त. जानेवारी १८८७ चा धूमकेतू दक्षिण गोलार्धातल्या लोकांनीही बिनडोक्याचाच पाहिला होता. एखादा धूमकेतू दिवसा दिसण्याइतका तेजस्वी झालाच, तर सूर्य पाण्याच्या टाकीच्या किंवा भिंतीच्या कडेआड पूर्ण झाकून नुसत्या डोळ्यांनीच त्याच्या शेजारचे आकाश पाहावे. सूर्य वर असताना दुर्बीण किंवा मोबाइलची झूम लेन्स त्या बाजूला वळवू नये. दुर्बिणीतून क्षणभर चुकले तरी डोळ्याच्या पडद्याला कायमची इजा होऊ शकते.